प्लास्टिकचे खांब आणि घासकामाची मजुरी
(जबलपूर येथे रंगकाम करणाऱ्या कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या धंद्यातल्या मागच्या पिढ्यांनी या शहरातल्या भिंती कटनीच्या चुन्याने पांढऱ्या केल्या. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. विदर्भातून इथे कामाला येणे म्हणजे परप्रांतात जाणे नव्हते. चुन्यानंतर ऑइलपेंट आला, लोखंडी आणि लाकडी खांब आले. आता बंगल्याच्या कुंपणाला, बगिच्याला, पोर्चच्या कठड्याला प्लास्टिकचे खांब बसतात. विकणारा सांगतो, याला रंग लागतच नाही. काही उन्हाळे गेले की खांब पिवळा पडतो, हात लावला तर पांढरी भुकटी लागते, आणि मग आपल्याला बोलावणे येते.

ठेकेदार भाव ठरवतो तो नगावर, आणि त्यात रंगाचे दोन हात तेवढे धरतो. धुणे, घासणे, पुसणे त्याच्या हिशेबात नसते. पावसाळा संपताना पोपडे निघतात आणि त्याच कामगाराला फुकट बोलावून पुन्हा काम करून घेतात. आमचे म्हणणे सरळ आहे. प्लास्टिकवर रंग टिकतो तो तयारीमुळे. तयारी हे काम आहे, आणि कामाला मजुरी पाहिजे.

पहिल्यांदा माल ओळखा. खांबाच्या आतल्या कडेची एक छिलपी काढून पाण्याच्या बादलीत टाका. बुडाली तर बहुधा पीव्हीसी. त्याला रंग लागतो. तरंगली तर पॉलिथीनसारखा माल समजा. त्यावर नेहमीचा रंग धरत नाही, खास अस्तर लागते; ते मिळणार नसेल तर काम न घेतलेले बरे. जाळून ओळखायचा प्रयत्न मात्र करू नका. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. जुना रंग ब्लोलॅम्पने काढायचा नाही तोही याच कारणाने.

मग साबणाच्या पाण्याने धुवा, भुकटी पूर्ण निघेपर्यंत. शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरचे पाणी लावून चांगले धुऊन टाका. त्यात फरशी धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका, क्लोरिन वायू सुटतो. वाळल्यावर २२० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावून, हलक्या हाताने घासा. चमक मेली की पुरे. कडक थिनरने पुसू नका, प्लास्टिकचा वरचा थर मऊ पडतो.

रंग बाहेरच्या कामाचा ॲक्रिलिक घ्यावा, खाली प्लास्टिकला धरणारे प्रायमर. ऑइलपेंट इथे का चालत नाही, हे मुकादमाला समजावून सांगता आले पाहिजे. पीव्हीसी उष्णतेने लोखंडाच्या सुमारे पाचपट वाढतो. तापमानात ४० अंशांचा फरक पडला की दोन मीटरचा खांब जवळजवळ ५ मिलिमीटर लांबतो. लोखंडी खांब १ मिलिमीटर. ऑइलपेंट वर्षागणिक कडक होतो आणि या ओढाताणीत तडकतो. ॲक्रिलिक लवचीक राहतो. मूळ रंगापेक्षा गडद रंगही देऊ नये. मे महिन्याच्या उन्हात गडद खांब इतका तापू शकतो की तो वाकडा होतो, आणि मालक बोट दाखवतो ते रंगवणाऱ्याकडे. काम सकाळी, सावलीच्या बाजूने करावे.

आता धुळीविषयी. १९२१ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने इमारतींच्या आतल्या रंगकामात शिशाच्या सफेद्यावर बंदी घालणारा करार केला. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला दहा लाखात ९० भाग ही मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. पण प्लास्टिकचे काय? पीव्हीसी उन्हात, उष्णतेत टिकावा म्हणून त्यात शिशाचे क्षार घालण्याची पद्धत होती. पाइपांतल्या या शिशाला आळा घालणारे केंद्राचे नियम झाले २०२१ मध्ये. खांब जुना असेल तर त्यात शिसे आहे असेच धरून चाला. कोरड्या पेपरने घासाल तर ते पोटात आणि छातीत जाईल; घरी नेलेल्या कपड्यांवरून लेकरांपर्यंत जाईल. म्हणून ओले घासकाम. म्हणून तोंडाला रुमाल नव्हे, बारीक धूळ अडवणारा मास्क. बिडी, तंबाखू, डबा हे सगळे साबणाने हात धुतल्यावर. शिसेबाधा हा धंद्यातून होणारा रोग म्हणून भरपाईच्या कायद्यात पूर्वीपासून आहे. पण काम केल्याची नोंद कुठेच नसेल तर भरपाई मागणार कशाच्या आधारावर? मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचे काम झाले असेल, तर रंगकाम करणाऱ्यालाही कल्याण मंडळात नोंदणी करता येते. ज्यांची राहिली आहे त्यांनी आज जाण्यापूर्वी शाखेत नाव द्यावे.

ठेकेदाराशी बोलताना तीन गोष्टी लिहून घ्या: घासकामाचा भाव वेगळा, पाणी आणि मास्क त्याचे, आणि आधी एकच खांब नमुन्याचा. नमुना आठ दिवस वाळू द्या. मग मुकादमासमोर ब्लेडने रंगावर बारीक चौकटी पाडा, चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. रंग पट्टीबरोबर आला नाही तर त्या कागदावर त्याची सही घ्या आणि मगच बाकीच्या खांबांना हात लावा.