सड्यावरची चित्रे आणि सातबारा

रत्नागिरी-राजापूरकडचा सडा भर उन्हाळ्यात पाहिला, तर तिथे जपण्यासारखे काही असेल असे कुणाला वाटत नाही. काळवंडलेला जांभा, करपलेले गवत, अधूनमधून एखादे झुडूप. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा ‘पोटखराबा’ अशीच असते. पीक निघत नाही ती जमीन खराब, एवढाच महसुली दप्तराचा हिशेब.

कशेळीच्या सड्यावर मात्र याच कातळात सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे. कलत्या उन्हात खोदरेषांत सावली भरते आणि आधी पाय, मग सोंड, मग पाठ अशी ओळख पटत जाते. थोडे निरखले की त्याच्या अंगात आणखी आकृत्या दिसू लागतात: प्राणी, पक्षी, मासे, सत्तरच्या आसपास. कोकणातल्या कातळशिल्पांत गेंडाही आहे, जो आज या मुलखात कुठेच नाही. नांगर नाही, शेत नाही. म्हणूनच ही चित्रे शेतीपूर्वीच्या, शिकार करून जगणाऱ्या माणसांची असावीत आणि त्यांतली काही दहा हजार वर्षांहून जुनी असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

ही शिल्पे उजेडात आली ती पायपिटीने. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई गावोगाव हिंडले, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारत राहिले. सिंधुदुर्गातल्या कुडोपीत तर त्या जागेला ‘बाहुल्यांचे टेंब’ असे नावच होते. गावाला ठाऊक होते, सरकारी कागदाला नव्हते.

निसर्गाच्या बाबतीतही तेच. पहिल्या पावसानंतर सड्यावर दीपकाडीची पांढरी फुले उमलतात. ही वनस्पती फक्त कोकणपट्टीतली. श्रावणाच्या सुमारास उथळ पाण्याच्या थरात सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा पसरतो. या मातीत नत्र कमी, म्हणून ही नाजूक वनस्पती आपल्या इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव ओढून घेते आणि आपली भूक भागवते. मातीचा थर जेमतेम बोटभर. चिरेखाणीचे यंत्र एकदा फिरले की तो थर आणि कोरीव रेषा एकाच दिवशी जातात.

२०२२ साली कोकणातली नऊ कातळशिल्पस्थळे युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. त्यांत रत्नागिरीतली सात, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसाईमळ. रत्नागिरीतल्या सातांपैकी एक बारसू. तिथे एक माणूस दोन्ही हातांनी दोन वाघांना थोपवून उभा आहे. त्याच वर्षी तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी नाणार गावाऐवजी बारसू-सोलगावचे नाव पुढे आले. एप्रिल २०२३ मध्ये मातीच्या चाचणीसाठी यंत्रे आली, पोलीस आले आणि गावच्या बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. प्रकल्पाची बाजू मांडणाऱ्यांचा रोजगाराचा मुद्दा खोटा नाही; मुंबईच्या वाटेला लागलेली तरुण मुले प्रत्येक वाडीत आहेत. पण ‘ओसाड सड्यावर कुणाचे काय जाते’ हा त्यांचा दुसरा मुद्दा मात्र साफ चुकीचा आहे. सडा ओसाड आहे तो फक्त कागदावर.

कागद बदलण्याची ताकद गावाकडे आहे. उक्षी गावाने पुढाकार घेऊन आपल्या कातळात कोरलेल्या हत्तीभोवती जांभ्याची भिंत बांधली, शिल्पावर पाय न पडता पाहता यावे अशी सोय केली. वरून आदेश येण्याची वाट पाहत बसले असते, तर ते झालेच नसते. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले आहे. कित्येक ठिकाणी ती वही कुणीतरी घाईने भरून कपाटात ठेवलेली असते.

१ मेच्या ग्रामसभेला ती वही बाहेर काढायला सांगावी. तेव्हा सडा कोरडा असतो, रेषा स्पष्ट दिसतात. शाळेतली मुले आणि एखादा जाणता गुराखी सोबत घेऊन प्रत्येक शिल्पाचा गट नंबर लिहावा, जमीनमालकाला विश्वासात घ्यावे, जून लागला की त्याच गटातल्या फुलांची नोंद जोडावी आणि ग्रामसभेचा ठराव तहसीलदारांकडे व पुरातत्त्व विभागाकडे पोचवून त्याची पोच घ्यावी.