अंगणातली हिरवळ : पहिले तीन आठवडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमात माझ्या वाट्याला पंधरा मिनिटे आली आहेत. पाककृती, भरतकाम आणि मुलांचे आरोग्य हे विषय माझ्याहून जाणत्या भगिनींनी घेतले. मला चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या दारापुढे हिरवळ आहे, तिच्यावरच बोला. आपल्या गल्लीत तिघींनी गवताचे बी आणून टाकले आणि तिघींचेही उगवले नाही." तेव्हा गवताचे बी पेरल्यावर त्याला पाणी कसे घालावे, एवढेच मी सांगणार आहे. विषय लहान आहे. परंतु आपल्या औशात पाण्याचा कोणताही विषय फार वेळ लहान राहत नाही, हेही तुम्ही जाणता.

आमच्या घरी ही गोष्ट प्रथम निघाली तेव्हा सासूबाई हसायलाच लागल्या. "अगं, रानातली हरळी खणता खणता माझा जन्म गेला, आणि तू पैसे देऊन तिचं बी आणणार?" त्यांचे म्हणणे काही खोटे नव्हते. दुकानदार ज्याला बर्म्युडा म्हणतो ते गवत म्हणजे आपली हरळीच. गणपतीला वाहतो ती दूर्वाही हीच. ज्यांच्या घराला लागून शेत आहे त्यांनी हिरवळीच्या कडेने विटा उभ्या पुरून घ्याव्या, नाहीतर शेजारच्या शेतकऱ्याचे बोल ऐकावे लागतील, आणि ते ऐकण्यासारखेच असतील.

आता बी कसे असते ते पाहू. दाणा खसखशीएवढा, एका किलोत तीस लाखांहून अधिक दाणे भरतात. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद जागेला ५० ते १०० ग्रॅम बी पुरते. एवढ्याशा दाण्याच्या पोटात शिदोरी ती किती असणार! ज्वारीचा दाणा दोन बोटे खाली पेरला तरी जोर करून वर येतो. हा दाणा अर्ध्या सेंटिमीटरहून खाली गेला की त्याची ताकद वाटेतच संपते. म्हणून तो अगदी वर, मातीच्या कातडीत ठेवावा लागतो. आणि ऊन पडले की सगळ्यांत आधी सुकते ती हीच कातडी. सारी अडचण येथे आहे.

हे समजून घ्यायला पुस्तक उघडायला नको. नवरात्रात आपण घरोघरी घट बसवतो. पत्रावळीवर काळी माती पसरून त्यात धान्य पेरतो, मधे पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतो. घट पाझरतो, माती ओलसर राहते, वरून आपण चार थेंब शिंपडतो आणि दोन-तीन दिवसांत कोंब दिसू लागतात. ज्या वर्षी भक्तीच्या भरात पाणी जास्त पडते त्या वर्षी धान्याला बुरशी येते, हेही आपण पाहिलेले आहे. मटकीला मोड आणतानाही तेच. फडके ओले हवे, पण त्यातून पाणी टपकता कामा नये. गवताच्या बियांना आपण हाच न्याय लावत नाही. सकाळी एकदा भरपूर पाणी सोडून दिवसभर निश्चिंत राहतो. बी पाणी पिऊन फुगले, त्याला मोड फुटू लागला, की त्याला मागे फिरता येत नाही. कोरडे बी डब्यात महिनोन्‌महिने टिकेल. मोड फुटलेले बी एका कडक दुपारी वाळले की संपले. मग आपण म्हणतो, दुकानदाराने जुने बी दिले!

त्यातून आपली जमीन काळी. ही माती पाणी प्यायला संथ, पण एकदा प्याली की सोडत नाही; आणि सुकली म्हणजे तिच्यावर खपली धरते, भेगा पडतात. खपलीखालून खसखशीएवढ्या दाण्याचा कोंब वर येत नाही. यासाठी जागा खणून, ढेकळे फोडून, सपाट केल्यावर कुजलेले शेणखत बारीक चाळून वरच्या थरात मिसळावे. पेरणीच्या आदल्या दिवशी ही जागा खोलवर भिजवावी आणि वाफसा येऊ द्यावा. पायाला चिखल चिकटत नाही, पण मूठभर माती दाबली तर गोळा होतो, ती वेळ साधावी. खालची ओल अशी आधीच साठवली म्हणजे पेरल्यावर फक्त वरची कातडी सांभाळायची उरते. बी कोरड्या रेतीत मिसळून, एकदा उभे आणि एकदा आडवे फेकावे. वर चाळलेल्या शेणखताची नखाएवढी झाक द्यावी आणि फळी ठेवून पायाने हलकेच दाबावे. मुंग्या बी ओढून नेतात, तेव्हा पहिले दोन दिवस जरा लक्ष असू द्यावे.

पाणी झारीनेच घालावे. बारीक भोकांची झारी नसेल तर डब्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाडून घ्या, काम तेच होते. रबरी नळी मात्र पहिले तीन आठवडे घरात गुंडाळून ठेवावी. आमच्या जाऊबाईंना हे सांगायचे राहून गेले. त्यांनी कौतुकाने नळी धरली, आणि बी सगळे उताराला जाऊन एका कोपऱ्यात जमले. आठवड्याने त्या कोपऱ्यात जावळासारखे दाट गवत आणि बाकी अंगण मोकळे!

पाणी किती, हा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी सारखे पसरले तर एक मिलिमीटर पाऊस पडल्यासारखे होते. आपले दहा बाय दहा फूट अंगण म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. कातडी ओली करायला एका वेळी मिलिमीटरभर पाणी, म्हणजे एक लहान बादली, पुरते. असे दिवसातून तीन वेळा. सकाळी, दुपारी बाराच्या सुमारास आणि चारच्या आत-बाहेर. सूर्यास्तानंतर घालू नये. रात्रभर ओल राहिली की कोवळ्या रोपांना बुरशी धरते.

भर दुपारी पाणी घातले तर कोंब पोळतात, असे पुष्कळ जणी मला सांगतात. माझा अनुभव वेगळा आहे. दुपारचे शिंपणे चुकले तर बाकीची दोन्ही वाया जातात, कारण कातडी सुकते ती दुपारीच. पोळतात ते पाण्याने नव्हे, तापलेल्या पाण्याने. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका देते; ते सरळ कोंबांवर ओतले तर दुसरे काय होणार? सकाळीच एक बादली भरून सावलीत ठेवावी. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी चालते. साबणाचे मात्र या दिवसांत नको. फिल्टरच्या यंत्रातून बाजूला पडणारे पाणीही नको, कारण बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात अधिक दाट झालेले असतात.

पेरणीला उत्तम काळ मृग-आर्द्रेचा. जमीन उबदार असते आणि आभाळ आपले अर्धे काम करते. सात ते दहा दिवसांत हिरवी झाक दिसू लागते. मागे राहिलेले दाणे तीन आठवड्यांपर्यंत उगवत राहतात, म्हणून पहिली झाक दिसताच शिंपणे थांबवू नये. आपल्याकडचा पाऊस कधी रिमझिम नसतो, येतो तो धबाधबा येतो. यासाठी पेरल्या जागेवर गोणपाट भिजवून पसरावे, कडेला दगड ठेवावे. मुसळधार सरीने बी वाहत नाही आणि उघडीप पडली तर ओल टिकते. कोंब दिसू लागताच गोणपाट संध्याकाळी काढावे, म्हणजे त्यांना एकदम ऊन लागत नाही.

तीन आठवड्यांनंतर रीत बदलायची. आतापर्यंत थोडे-थोडे वारंवार दिले. आता जास्त द्यायचे, पण दिवसाआड, मग तीन दिवसांनी, आणि दीड महिन्यानंतर पावसाने ओढ दिली तरच, आठवड्यातून एकदा. वरवर पाणी मिळत राहिले की मुळे वरच राहतात, खाली जाण्याचे त्यांना कारण उरत नाही. पाणी खोल गेले की नाही हे पाहायला मी विणायची सुई वापरते. चार बोटे सहज आत गेली तर पुरे.

आता ज्या प्रश्नासाठी काही भगिनी मघापासून माझ्याकडे रोखून पाहत आहेत, त्याच्याकडे येते. लातूर जिल्ह्यात राहून गवताला पाणी घालावे का?

२०१६ साल आपल्यापैकी कोणीही विसरलेली नाही. त्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर होती; म्हणजे त्या गाडीतले पाणी माणशी सव्वा लिटरच्या आसपास. पुढे गाड्या मोठ्या झाल्या, पन्नास वाघिणींच्या आल्या. आणि त्याच आठवड्यात, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने आय.पी.एल. क्रिकेटचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. कारण काय, तर मैदानांच्या गवताला लागणारे पाणी. मुंबईला ठरलेला अंतिम सामना शेवटी २९ मे रोजी बंगलोरला झाला. एवढ्याने लातूरच्या घागरी भरल्या नाहीत, हे खरे. तरीही मला तो निकाल योग्य वाटला. इकडे बाया रात्री-बेरात्री टँकरची वाट पाहत असताना तिकडे गवतावर कारंजी उडावीत, हे डोळ्यांना सहन होणारे नव्हते.

मग माझ्या दारापुढे हिरवळ कशी? त्याचा हिशेब मी मांडून ठेवला आहे. तीन बादल्या रोज, एकवीस दिवस, म्हणजे सगळे मिळून ५७० लिटरच्या आसपास. ५,००० लिटरच्या टँकरचा नववा हिस्सा, तोही एकदाच. आणि मृगात पेरले तर त्यातले बरेचसे आभाळच देते. खरे पाणी लागते ते पुढे. वाढलेली हिरवळ मार्च ते मे हिरवीगार ठेवायची म्हटली तर आठवड्याला एक इंच, म्हणजे २३० लिटर पाणी. तेरा आठवड्यांचे झाले तीन हजार लिटर, आणि हे दरवर्षी! पाणी खाते ते तान्हे गवत नव्हे, उन्हाळ्यात हिरवे दिसावे असा हट्ट धरलेले थोराड गवत.

तो हट्ट मी करत नाही. फेब्रुवारी संपला की माझी झारी बंद. हरळी पिवळी पडते, मग तांबूस होते, पायाखाली चुरचुरते. येणारे-जाणारे विचारतात, "वहिनी, गवत मेलं वाटतं?" ती मेलेली नसते. जमिनीतल्या तिच्या कांड्या जिवंत असतात, मुळे रुजलेली असतात. किल्ल्याच्या तटाखाली कोण पाणी घालते? मे महिन्यात तेथे काडीसुद्धा हिरवी दिसत नाही, आणि पहिल्या दोन पावसांत सारे फुटून येते. म्हणूनच सुरुवातीचे तीन आठवडे मी इतकी काटेकोर असते. मूळ एकदा खोल गेले म्हणजे पुढे दुष्काळातसुद्धा तिची उठाठेव करावी लागत नाही. ज्या वर्षी मृग कोरडा जाईल आणि नळाला पाणी लांबेल, त्या वर्षी मात्र बी डब्यातच राहू द्यावे.

दोन जणींनी मघाशी विचारले, त्याचे उत्तर देते. दिवाळीनंतर पेरले तर चालेल का? नाही, थंडीत हे बी नीट उगवत नाही, आणि उगवण लांबते तितके दिवस पाणी मात्र घालत राहावे लागते. दुसरे, बांधावरच्या हरळीच्या मुळ्या आणून लावल्या तर? अवश्य लावाव्या, बियांचे पैसे वाचतात. त्याही धरेपर्यंत रोज पाणी मागतात, फक्त त्या खाली असल्याने दुपारची पाळी चुकली तरी निभावते. मृगात पेरलेल्या हिरवळीच्या दूर्वा गणपतीपर्यंत खुडण्याजोग्या होतात. पहिली कापणी गवत दोन इंचांच्या वर गेल्यावरच करावी, आणि तीही वरवर.

बारीक भोकांची झारी माझ्याकडे एकच आहे. ज्यांना हवी त्यांनी पाळीपाळीने न्यावी आणि आठवणीने परत आणून द्यावी.