काचेसाठी एक वेगळी बादली



भंगारवाल्याचा गाडा गल्लीत आला की काय काय विकलं जातं ते तुम्हाला ठाऊक आहे. रद्दी तो तोलून घेतो. लोखंड, पितळ, ॲल्युमिनियमचं चेपलेलं पातेलं यांना चांगला भाव देतो. पुठ्ठा, प्लास्टिकचे डबे, झिजलेल्या चपलासुद्धा घेतो. पण लोणच्याची रिकामी बरणी, सॉसची बाटली किंवा खोकल्याच्या औषधाची बाटली पुढे केली की मान हलवतो. बिअरची अख्खी बाटली असेल तर घेईल, कारण ती धुऊन पुन्हा भरली जाते. बाकी काच त्याला नको असते. त्यात त्याचा दोष नाही. काच जड असते, वाटेत फुटते, हात कापते आणि किलोमागं इतकी थोडी रक्कम देते की गाडा ओढण्याचे श्रमही निघत नाहीत.

मग ही काच जाते कुठे? ओल्या कचऱ्याच्या बादलीत, उकिरड्यावर, नाल्यात, नाहीतर कंपाऊंडच्या भिंतीवर सिमेंटमध्ये रोवायला. आज मला तुमच्याशी एवढ्याच गोष्टीविषयी बोलायचं आहे. बीदर, भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबाद, तिकडे आळंद, आपल्या या सगळ्या गावांत महिन्यातून एक दिवस घराघरांतून फक्त काच गोळा करणारी गाडी फिरावी, असं मला मनापासून वाटतं. तशी गाडी का हवी आणि ती कशी चालेल, ते सांगतो.

कायद्याचं आधी थोडक्यात सांगून टाकतो. देशात घनकचरा व्यवस्थापनाचे नियम 8 एप्रिल 2016 रोजी लागू झाले. त्यांत घरोघरी कचऱ्याचे तीन भाग करायला सांगितले होते: ओला, सुका आणि घरगुती घातक. बरण्या-बाटल्या सुक्यात मोडतात. कागदावर हे ठीक आहे. प्रत्यक्षात कागद, पिशव्या, पुठ्ठे आणि बाटल्या एकाच पोत्यात पडतात, पोतं गाडीत फेकलं जातं आणि बाटली तिथंच फुटते. एका बाटलीचे शंभर तुकडे सगळ्या पोत्यात पसरतात. मग कागदात काच, प्लास्टिकमध्ये काच. ते सगळं सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये ओतलं जातं आणि तिथं बसलेल्या बायका हातानं निवडायला लागतात.

हातमोजे दिलेले असतात. पण पातळ प्लास्टिकची पिशवी हातमोज्यानं नीट उचलता येत नाही, कागदाचा ओलेपणा त्यातून कळत नाही, म्हणून दुपारपर्यंत ते निघतात. काच नेमकी तेव्हाच लागते. आपल्या कर्नाटकात 23 सप्टेंबरला सफाई कामगारांचा पौरकार्मिक दिन साजरा होतो, हार घातले जातात, सत्कार होतात. चांगलंच आहे. पण बोट चिरलेल्या बाईला दुसऱ्या दिवशीची मजुरी कोण देणार, हा प्रश्न हारानं सुटत नाही. बसवकल्याणच्या, बसवेश्वरांच्या अनुभव मंटपाचा वारसा आपण अभिमानानं सांगतो. तिथल्या शरणांमध्ये, म्हणजे शिवभक्तांमध्ये, अंगण झाडणारी सत्यक्का होती आणि तिचं झाडणं हे इतर कुणाच्याही कामाच्या तोडीचं कायक, म्हणजे पवित्र श्रम, मानलं गेलं. सत्यक्काचं काम आज करणाऱ्या बायकांच्या हाताला काच लागू नये, यासाठी आपल्याला फार काही सोडावं लागत नाही. फक्त बाटली वेगळी ठेवावी लागते.

दुसरी गोष्ट जमिनीची. ओल्या कचऱ्यापासून खत होतं, ते शेतात जावं, असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो. पण त्या खतात काचेचा एक तुकडा दिसला की शेतकरी पुन्हा ते घेत नाही, आणि का घ्यावं? आपली माणसं चिखलात अनवाणी उतरतात, बैलाचे खूर त्याच मातीत पडतात. येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, आपण सगळे शेतात जातो. कडब्याची खोप, भज्जी, आंबिल, लहान मुलं बांधावरून धावत असतात. त्या बांधावर कुणीतरी फोडून टाकलेल्या बाटलीच्या काचा सापडल्या नाहीत, असं वर्ष आता विरळा. काळी माती भेगाळते, काच भेगेत जाते आणि पावसाळ्यानंतर नांगराबरोबर पुन्हा वर येते. ती कुजत नाही, गंजत नाही, विरघळत नाही.

काच किती टिकते हे बघायला बीदरकराला पुस्तक उघडायची गरज नाही. 1472 मध्ये पूर्ण झालेल्या महमूद गवानच्या मदरशासमोर उभं राहावं. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूगोळ्याच्या स्फोटानं इमारतीचा मोठा भाग कोसळला, पण उरलेल्या मिनारावरच्या निळ्या-पिवळ्या फरशा अजून चकाकतात. त्या फरशीवरचा लुकण म्हणजे भट्टीत भाजलेला काचेचाच पातळ थर. साडेपाचशे वर्षांची ऊन-पावसाची झळ त्यानं सोसली आहे. आपण उकिरड्यावर टाकलेली बरणीही तेवढीच चिवट आहे.

या चिवटपणाची दुसरी बाजू फार मोलाची आहे. कागद पुन्हा पुन्हा लगदा केला की त्याचे तंतू आखूड होत जातात. प्लास्टिकचा कस दर खेपेला उतरतो. काचेचं तसं होत नाही. बाटली वितळवून बाटली, ती वितळवून पुन्हा बाटली, कितीही वेळा केलं तरी कस तोच राहतो. नवी काच करायला वाळू, सोडा आणि चुनखडी लागते आणि भट्टी साधारण 1500 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. जुनी काच त्याहून कमी उष्णतेत वितळते. भट्टीत घातलेल्या मालात दर दहा टक्के जुनी काच वाढवली, की इंधन साधारण अडीच ते तीन टक्क्यांनी वाचतं. शिवाय एक टन जुनी काच सुमारे सव्वा टन कच्च्या मालाची जागा घेते, कारण सोडा आणि चुनखडी तापली की त्यांचा काही भाग कार्बन डायऑक्साइड होऊन धुराड्यातून निघून जातो. काचेच्या कारखान्यांना जुनी काच हवी असते ती यासाठीच.

पण कशीही नको असते. चहाच्या फुटक्या कपाचा एक तुकडा बाटल्यांच्या ढिगात गेला, तर तो भट्टीत वितळत नाही. नव्या बाटलीच्या अंगात तो खडा म्हणून बसतो आणि बाटली तिथंच तडकते. ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडी वेगळ्या काचेची असतात, त्यांचंही तेच. आरशाला मागून मुलामा असतो, म्हणून तोही बाटल्यांत चालत नाही. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यात पारा असतो, तो घरगुती घातक कचरा. फवारणीच्या औषधांच्या बाटल्याही तशाच घातक, त्या खाण्याच्या बरण्यांजवळ ठेवूसुद्धा नका. वाढवलेल्या बांगड्या बऱ्याच घरांत जपून ठेवतात, त्याही काचेच्या बादलीत टाकू नका, कारण त्यांच्या रंगांसाठी वेगवेगळी द्रव्यं वापरलेली असतात. म्हणजे या बादलीत फक्त बाटल्या आणि बरण्या. पांढऱ्या, तपकिरी, हिरव्या असा रंगवार निवाडा शेडमध्ये करता येईल, तो घरात नको. घरच्या बाईवर आणखी एक निवडणं लादलं की योजना दुसऱ्या महिन्यात बंद पडते.

आता कुणी म्हणेल, हे मोठ्या शहरांचं काम. कोकणातलं वेंगुर्ला बघा. छोटं नगरपरिषदेचं गाव. रामदास कोकरे तिथं मुख्याधिकारी असताना, 2015 च्या सुमारास, घरापासूनच कचरा वेगळा करायची शिस्त लागली, काचही वेगळी निघू लागली आणि जिथं डंपिंग ग्राउंड होतं तिथं लोक फिरायला जाऊ लागले. बीदरपेक्षा वेंगुर्ला कितीतरी लहान आहे. पुण्यात 1993 मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली, बाबा आढाव तिच्या उभारणीत होते, आणि तिचं नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि कचरा वेचणाऱ्या बायका महापालिकेबरोबर करार करून घरोघरी कचरा घेऊ लागल्या. त्यातून मी एवढंच घेतो: नवी योजना आणताना आज जे भंगारावर पोट भरतात त्यांना बाजूला सारू नये, त्यांनाच काम द्यावं.

तमिळनाडूतल्या निलगिरीचा मार्ग निराळा. तिथं जंगलात फेकलेल्या बाटल्यांच्या काचा हत्तींच्या पायांत शिरत होत्या. मद्रास उच्च न्यायालयानं लक्ष घातलं आणि 2022 पासून दारूच्या प्रत्येक बाटलीमागं 10 रुपये जास्त घ्यायला सुरुवात झाली. रिकामी बाटली परत केली की ते पैसे परत. बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या. पण तमिळनाडूत दारूची दुकानं सरकारची आहेत. कर्नाटकात बहुतेक दुकानं खासगी परवान्यांवर चालतात, त्यामुळे ते आपल्याकडे आणायला राज्याचा निर्णय हवा. तोवर घरातल्या बाटलीचं काय, ते आपल्याच हातात आहे.

इंग्लंडात बार्न्सलीला 1977 मध्ये चौकात बाटल्यांसाठी मोठी पेटी ठेवली आणि तिथून ती पद्धत देशभर गेली. आपल्या चौकात पेटी ठेवावी असं मला वाटत नाही. उघड्यावर ठेवलेल्या पेटीत दोन दिवसांत सगळाच कचरा पडेल आणि तिच्याभोवती गुरं आणि मुलं असतील. आपल्याकडे गाडीच दारात यायला हवी, आणि दारातून काच ओळखीच्या माणसाच्या हाती जायला हवी.

मुख्य अडचण पैशाची, आणि ती खोटी नाही. काच स्वस्त आणि जड, त्यामुळे थोडी काच लांब नेणं परवडत नाही. परवडतो तो भरलेला ट्रक. हिशोब सोपा आहे. महिन्याला दोन-तीन बरण्या-बाटल्या म्हणजे साधारण अर्धा किलो. 20,000 घरांनी अर्धा-अर्धा किलो दिली की 10 टन होतात, म्हणजे एक ट्रक. 2011 च्या जनगणनेतच बीदर शहराची लोकसंख्या दोन लाखांच्या वर होती, तेव्हा निम्मी घरं सामील झाली तरी महिन्याला एक ट्रक निघेल. औरादसारख्या गावाला तो भरायला कितीतरी महिने लागतील. लागू देत. काचेला वास येत नाही, तिला उंदीर लागत नाही, पावसानं ती खराब होत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये ढीग करून ठेवली तर ती वाट बघत पडून राहते. सुक्या कचऱ्यातल्या दुसऱ्या कुठल्या वस्तूला इतकं थांबता येतं? आणि ट्रक फार दूर जायचा नाही. जहीराबादवरून हैदराबादचा रस्ता आपल्या पायाखालचा आहे, सुमारे दीडशे किलोमीटरचा. हैदराबादेत आणि त्याच्या पुढे भोंगीरला बाटल्या बनवणारे कारखाने आहेत.

थोडं थोडं गोळा करून मोठं काम उभं करण्याचा एक जुना दाखला काचेचाच आहे. अंताजी दामोदर काळे यांनी कल्पना मांडली, की प्रत्येकानं वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे करावेत. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. त्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना सुरू झाला. पुढे 1916 मध्ये कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी लागला. घरागणिक पैसा गोळा करून ज्या समाजानं काचेची भट्टी पेटवली, त्याला घरागणिक बाटली गोळा करणं जड जाऊ नये.

आता गोळा करायचं कसं? घरात झाकणाची वेगळी बादली ठेवा, रंगाच्या रिकाम्या डब्याचंही काम होतं. पोतं नको, ते फाटतं. बाटली चकचकीत धुवायची गरज नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पाण्याची ओढ असते, तेव्हा भांडी विसळलेलं पाणी आत घालून हलवलं तरी पुरे. झाकण काढून भंगारात द्या. कागदाची चिठ्ठी चिकटलेली राहू द्या, ती भट्टीत जळून जाते. बाटली फुटलीच तर तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळा आणि गाडीवरच्या अक्काला तोंडानं सांगा, की यात फुटकी आहे.

गावागावांत स्वच्छ वाहिनीच्या गाड्या आहेत आणि बचत गटातल्या बायका त्या चालवायला शिकल्या आहेत. महिन्यातला एक दिवस त्या गाडीत क्रेट ठेवून फक्त काच घ्यावी. अख्ख्या बाटल्या आधी बाटलीच्या व्यापाऱ्याला, उरलेली काच शेडमध्ये. विक्रीचे पैसे गोळा करणाऱ्या गटाच्या खात्यात जावेत आणि किती किलो गेली, किती रुपये आले, ते पंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहावं. लोकांना आपली काच कुठे गेली हे दिसलं नाही तर तिसऱ्या महिन्यात बादली पुन्हा रिकामी होते, आणि त्यात लोकांची चूक नसते.

सगळ्या गावात एकदम सुरू करू नका. एक वॉर्ड घ्या, नाहीतर दोन गल्ल्या. येत्या ग्रामसभेत पंचायत विकास अधिकाऱ्यांना, म्हणजे पीडीओंना, शहरात असाल तर आपल्या नगरसेवकाला तीन गोष्टी विचारा: काच ठेवायला शेडचा कोणता कोपरा देणार, गाडी कोणत्या तारखेला येणार, आणि ज्यांच्या हाताला काच लागेल त्यांच्या उपचाराचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च कोण करणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.

पहिली फेरी घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात ठेवा. तेव्हा घरं झाडून-पुसून काढली जातात आणि माळ्यावरच्या कितीतरी वर्षांच्या बरण्या एकदम खाली येतात. तारखेची चिठ्ठी कन्नड, मराठी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत छापून किराणा दुकानांत, पिठाच्या गिरणीवर आणि शाळेच्या फाटकावर लावा.