पट्टा पडला, पण वाट बंद

दिवाळीच्या आगेमागे फलटण भागात माळावर कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. बीडकडची माणसं ऊस तोडायला येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायची आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गाव गाठायचं.

२०२० साली मात्र २४ मार्चच्या मध्यरात्री कोरोनामुळं टाळेबंदी लागली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि पश्चिम महाराष्ट्रभर हे मजूर आहेत तिथंच अडकले.

घरात थांबा, असं सगळ्यांना सांगितलं जात होतं. पण कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या, वर पाचट नाहीतर ताडपत्री. आत वाकूनच शिरायचं. तिथंच पोरं, तिथंच भांडी, धान्याचं पोतं. अंतर राखायचं कुठं? शिवाय तोड थांबली की वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, संपतं, मग बैलांच्या वैरणीचं काय? पोटात कालवाकालव व्हावी अशीच ती स्थिती होती. गावाकडं म्हातारी माणसं डोळे लावून बसलेली.

अखेर १७ एप्रिलला राज्य सरकारनं परतीची परवानगी दिली. ३८ साखर कारखान्यांच्या तळांवर तेव्हा सुमारे १ लाख ३१ हजार मजूर होते. आधी आरोग्य तपासणी, मग प्रवास. कोप्या मोडल्या, चुलीचे दगड तेवढे माळावर राहिले.