हवा गेल्यानंतरचे ८० किलोमीटर



वरवंडकरांना रस्त्याचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको. पुण्याहून सोलापूर, हैदराबादकडे जाणारा महामार्ग, जुना ९ नंबरचा आणि आताचा ६५ नंबरचा, तुमच्या दारातून जातो. आषाढवारीत तुकोबांची पालखी यवतहून निघून इथं मुक्कामाला येते ती याच वाटेनं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या, एरवी तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरला निघालेल्या गाड्या, आणि रात्री दहानंतर ट्रक आणि ट्रॅव्हल्सची रांग. आजचा विषय या गाड्यांच्या चाकांचा आहे. पंक्चर झाला तरी काही अंतर चालतो त्या टायरला रन-फ्लॅट म्हणतात. लांबच्या प्रवासात असा टायर बसला तर काय करायचं, त्याविषयी आज बोलायचं आहे.

हा श्रीमंतांच्या गाड्यांचा विषय आहे असं कुणी म्हणेल. पण पाच-सात वर्षं वापरलेली जर्मन बनावटीची गाडी आज नव्या साध्या गाडीच्या भावात मिळते आणि ती आपल्या तालुक्यातही येऊ लागली आहे. शिवाय केंद्र सरकारनं २०२० साली मोटार वाहन नियमांत बदल केला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचा संच असेल, तर छोट्या प्रवासी गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. १ ऑक्टोबर २०२० पासून हा नियम लागू आहे. म्हणजे स्टेपनी नसलेल्या गाड्या वाढत जाणार. तुमचा मुलगा, जावई, भाचा अशी गाडी घेऊन गावी येईल तेव्हा डिकी उघडून पाहाल तर खाली पाचवं चाक नसेल.

आधी हा टायर चालतो कसा ते पाहू. साध्या टायरमध्ये गाडीचं वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. हवा गेली की टायरची बाजूची भिंत दुमडते, रिम आणि रस्ता यांच्या मध्ये सापडते आणि थोड्याच अंतरात चिरफाळते. रन-फ्लॅटमध्ये याच बाजूच्या भिंतीत आतून कडक, उष्णता सोसणाऱ्या रबराचा जाड थर दिलेला असतो. हवा गेल्यावर ती भिंत स्वतः वजन उचलते. हवा पूर्ण शून्यावर गेली तरी ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून साधारण ८० किलोमीटर जाता येतं, असं बहुतेक कंपन्या सांगतात. लष्कराच्या चिलखती गाड्यांत ज्याला रन-फ्लॅट म्हणतात ती सोय निराळी असते. तिथं टायरच्या आत रिमवर कडक कडं बसवतात. आपल्या मोटारींत तसं काही नसतं, सगळा भरवसा त्या जाड भिंतीवर.

ती भिंत चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते. लोखंडी तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की ती जागा जशी तापते, तसंच हे. वेग वाढला की दबणं वाढतं, वजन वाढलं की खोल दबतं, आणि दोन्ही मिळून रबर आतून भाजतं. म्हणून ८० हा आकडा मला आश्वासनापेक्षा मर्यादा वाटतो. पाच माणसं, सासरी निघालेल्या मुलीचं सामान, वर वैशाखाचं ऊन, असं असेल तर मी त्यातले ५० धरतो आणि वेग ताशी ५०-६० वर ठेवतो. गाडीच्या पुस्तिकेत याहून कमी आकडा दिला असेल तर तोच खरा.

आता दिवा लागला असं धरू. दिवाच म्हणतो, कारण रन-फ्लॅटमध्ये हवा गेल्याचं स्टिअरिंगवर फारसं कळत नाही. भिंत कडक असल्यानं गाडी एका बाजूला बसत नाही, आणि म्हणूनच हवेच्या दाबाच्या इशाऱ्याशिवाय हे टायर वापरूच नयेत. काही गाड्यांत व्हॉल्व्हपाशी सेन्सर असतो. काहींत चाकाच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज घेतला जातो, कारण हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होऊन जास्त फेरे घेतं. या दुसऱ्या प्रकारात हवा भरल्यावर यंत्रणेला नवा दाब शिकवावा लागतो. ते राहून गेलं तर पुढच्या वेळी इशारा येईल याची खात्री नाही.

दिवा लागताच जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग सरळ धरा, पाय हळूहळू उचला, डाव्या लेनला या. आणि लगेच तिथंच थांबू नका. या टायरचं मोल याच ठिकाणी आहे, आणि तेवढ्यासाठी मी आज इथवर आलो. महामार्गाच्या कडेला जॅक लावून बसलेल्या माणसाला मागून आलेल्या गाडीनं उडवलं, ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली आहे, काहींनी आपल्या घरात सोसली आहे. पंक्चर माणसाला मारत नाही, पंक्चर काढण्याची जागा मारते. रन-फ्लॅट तुम्हाला जागा निवडू देतो. पेट्रोल पंप, टोलनाक्याची उजेडाची बाजू, धाब्याचं आवार, जिथं बायका-मुलं रस्त्यापासून लांब उभी राहू शकतील अशी जागा येईपर्यंत हळू चालवत या. साध्या टायरवाल्याला ही निवड क्वचितच मिळते.

तिथं उतरून टॉर्चनं चाक पाहा. तळव्यात खिळा रुतलेला दिसला तर तो उपटू नका. पुष्कळदा तोच खिळा भोक धरून ठेवतो आणि हवा हळूहळू जात असते. गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा हवेचा पंप जवळ असेल तर दाब भरा, जरा थांबून पुन्हा मोजा. दाब टिकत असेल तर त्या हवेवर पुढचं दुकान गाठणं हे शून्यावर चालवण्यापेक्षा कितीतरी चांगलं, कारण टायर वाचतो. मात्र बाजूची भिंत चिरली असेल, फुगा आला असेल, टायर रिमवरून उतरला असेल किंवा खड्ड्यात रिमच वाकली असेल, तर ते ८० किलोमीटर विसरा. गाडी तिथंच ठेवा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन लावा, जिवाला धोका वाटत असेल तर ११२ ला.

टायर चालण्याजोगा असेल तर पुढचा प्रश्न येतो: जायचं कुठं? इथं आपल्याच रस्त्याचा हिशेब मांडतो. पुणे ते सोलापूर साधारण २५० किलोमीटर. पुणं सोडल्यापासून ८० मोजले की आपण कुरकुंभच्या आसपास येतो. सोलापुरातून उलटे ८० मोजले की टेंभुर्णीच्या अलीकडेच अंतर संपतं. मधला भिगवण, इंदापूरचा पट्टा असा आहे की तिथून दोन्हीपैकी एकही मोठं शहर रन-फ्लॅटच्या पल्ल्यात नाही. सोलापूरला निघालेल्याला चौफुल्यावर दिवा दिसला तर मन पुढं ओढतं, लग्नाची वेळ गाठायची असते. पण तिथून शहाणपणाची दिशा मागची आहे, कारण पुणं पल्ल्यात आहे आणि पुढं जाल तसं ते लांब जाईल. भिगवणला दिवा लागला तर बारामती जवळ. मुक्कामाच्या दिशेनं जायचं की दुरुस्तीच्या दिशेनं, हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवावं लागतं. आधी फोन करा, टायरवर लिहिलेला आकार वाचून दाखवा, तसा टायर किंवा तसं मशीन आहे का विचारा, आणि होकार आल्यावरच किलोमीटर खर्च करा. निघताना ट्रिप मीटर शून्यावर आणा.

समृद्धी महामार्गावर हा हिशेब आणखी कडक होतो. ७०१ किलोमीटरचा रस्ता, मोटारीला ताशी १२० ची मुभा, आणि बाहेर पडायला ठरलेल्याच जागा. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस वाशिम जिल्ह्यात मालेगाव आणि वनोजा टोलनाक्याच्या दरम्यान रस्त्यावर लोखंडी फलक पडला आणि रात्री ५० हून अधिक गाड्या पंक्चर होऊन प्रवासी अडकले. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात रस्त्याच्या भेगा बुजवण्यासाठी बसवलेल्या नळ्यांवरून गाड्या गेल्या आणि टायर फाटले. अशा वेळी एक गोष्ट लक्षात येते. ज्या लोखंडावरून पुढचं चाक जातं, त्याच्यावरूनच बहुधा त्याच बाजूचं मागचंही जातं. स्टेपनी एक, बसलेले टायर दोन. रन-फ्लॅट असतील तर दोन्ही चाकांवर सावकाश बाहेर पडता येतं. हा त्यांचा गुण फारसा कुणी सांगत नाही.

अवगुणही सांगितले पाहिजेत. भिंत कडक म्हणून गाडी दणके देते. खड्ड्याचा मार टायर गिळत नाही, तो रिमला आणि सस्पेन्शनला देतो. टायर महाग, आणि गावोगाव मिळत नाही. म्हणून आपल्याकडे पुष्कळ मालक झिजलेले रन-फ्लॅट काढून साधे टायर बसवतात. त्यात गैर काही नाही, पण मग स्टेपनीची सोय करायला हवी, ती कुणी करत नाही. मग गाडी विकली जाते, घेणाऱ्याला वाटतं रन-फ्लॅट आहेत, आणि मध्यरात्री इंदापुरापुढं त्याला कळतं की ना रन-फ्लॅट आहे, ना स्टेपनी. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे, व्यवहाराच्या आधी गुडघ्यावर बसून चारही टायरच्या भिंती वाचा. कुठं आकारात आर या अक्षराऐवजी आरएफ असतं, कुठं आरएफटी, कुठं कंपनीची झेडपी किंवा आरओएफ अशी खूण. शिवाय चार आकडे असतात, पहिले दोन बनावटीचा आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तळवा कितीही नवा दिसो, इतक्या जुन्या टायरवर मी घरच्यांना लांबच्या प्रवासाला पाठवणार नाही.

दुरुस्तीबद्दल एकच मुद्दा, पण तो महत्त्वाचा. शून्य हवेवर चाललेल्या टायरमध्ये नुसती बाहेरून दोरी घालून हवा भरली तर गाडी चालते, दिवा विझतो आणि माणूस निश्चिंत होतो. आतली भिंत भाजली असेल तर ते बाहेरून दिसत नाही. टायर रिमवरून उतरवला आणि आत काळी रबराची भुकटी निघाली, भिंतीवर गोल सुरकुत्या दिसल्या, तर तो टायर संपला. पुढं १००-१२० च्या वेगात तो फुटू शकतो. भोक तळव्यातच असेल, लहान असेल आणि आतली भिंत धड असेल, तरच आतून पॅच लावता येतो, आणि त्यालाही काही कंपन्यांची मनाई आहे. दोरी ही तात्पुरती सोय आहे, दुकान गाठण्यापुरती.

इथं आपल्या पंक्चरवाल्यांबद्दल बोललं पाहिजे. केरळ, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेली आणि आपल्या गावांतलीही ही मुलं रात्री-अपरात्री उठून अनोळखी माणसाचं चाक खोलतात. त्यांच्या हाती रन-फ्लॅट आला की अडचण अशी होते, की भिंत इतकी ताठ असते की पहारीनं टायर उतरवायला गेलं तर काठ फाटतो, रिमला ओरखडे पडतात आणि आतला सेन्सर तुटतो. "माझ्याकडे मशीन नाही, पुढं जा" असं सांगणारा पंक्चरवाला प्रामाणिक आहे, त्याच्यावर चिडू नका. हवा भरून घ्या आणि त्याला त्याच्या कष्टाचे पैसे द्या.

वरवंड, चौफुला, पाटस या पट्ट्यात टायरचा धंदा करणारी जी तरुण मंडळी आज इथं बसली आहेत, त्यांनी यापुढचा विचार करावा. ताठ टायर उतरवायला मदतीचा हात असलेलं टायर चेंजर मशीन लागतं, सोबत बॅलन्सिंगचं मशीन, सेन्सर वाचणारं छोटं यंत्र, आणि चांगल्या दाबाचा कॉम्प्रेसर. खर्च एकट्याला पेलणारा नसेल तर तिघांनी मिळून करावा. उसाच्या ट्रॅक्टरचे आणि ट्रकचे टायर काढणाऱ्या हातांना हे काम शिकायला वेळ लागणार नाही. भिगवणच्या अलीकडे आणि पलीकडे जो पट्टा मी मघाशी सांगितला, त्याच्या तोंडाशी तुम्ही बसला आहात. दुकान रात्रभर उघडं असेल, तर आकार आणि फोन नंबर लिहिलेली पाटी दोन्ही बाजूंनी दिसेल अशी लावा. सोलापूरकडून येणाऱ्याला ती कुरकुंभच्या आधीच दिसली पाहिजे, म्हणजे तो आपले किलोमीटर मोजून तुमच्यापर्यंत येऊ शकेल.