माज, दूध आणि पशुपालकाची वही

(बेळगाव येथील कॅम्प भागात पशुपालक, अधिकारी व शिक्षक यांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बेळगावचा कुंदा सर्वदूर प्रसिद्ध आहे. कुंदा करणारा दूध आटवतो आणि कढईत काय उरते त्यावरून दुधाची पारख करतो. आज त्याच दुधाकडे आणखी एका दृष्टीने पाहावे, अशी माझी आपणांस विनंती आहे. दुधात स्निग्धांश, प्रथिने, दुग्धशर्करा व क्षार असतात, हे आपण जाणताच. परंतु गाईचे अंडाशय काम करीत आहे की नाही, याची खूणही त्याच दुधात असते.

बेळगावपासून निपाणीपर्यंत कोणत्याही गावी गेले तरी एक तक्रार हमखास कानी येते : "साहेब, गाय माजावरच येत नाही." चारदोन महिने वाट पाहिली जाते. चारा चालू असतो, दूध आटत जाते. शेवटी गाय भाकड ठरवून तिला बाजार दाखवला जातो. माझा प्रश्न असा की, गाय खरोखर माजावर येत नाही, की आलेला माज आपल्या दृष्टीस पडत नाही? या दोहोंत मोठे अंतर आहे आणि दोहोंचे उपायही वेगळे आहेत.

गाय साधारणतः दर २१ दिवसांनी माजावर येते. बीज सुटल्यानंतर अंडाशयावर त्या जागी एक गाठ तयार होते. तिला पीतपिंड म्हणतात. या पीतपिंडातून प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक स्रवते. ते रक्तात असेपर्यंत गाय माज दाखवीत नाही. गर्भ राहिला तर पीतपिंड टिकतो. गर्भ न राहिल्यास तो विरतो, प्रोजेस्टेरॉन उतरते, इस्ट्रोजेन हे दुसरे संप्रेरक वाढते आणि गाय पुन्हा माजावर येते. आपण "गाय उलटली" म्हणतो ते हेच.

प्रोजेस्टेरॉन स्निग्ध पदार्थात विरघळणारे असल्यामुळे ते रक्तातून दुधात उतरते. त्याचे प्रमाण नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजावे लागते. गाईच्या दुधातील या संप्रेरकाचे चक्र इंग्लंडमधील लेंग व हीप या संशोधकांनी १९७१ साली प्रसिद्ध केले. माजाच्या दिवशी दुधातील प्रमाण अगदी अल्प असते. चक्राच्या मध्यास ते कित्येक पटींनी वाढते. रेतनानंतर २१ ते २४ दिवसांच्या दरम्यान ते अल्प आढळले, तर गाय गाभण नाही हे जवळजवळ निश्चित समजावे. अधिक आढळले, तर ती गाभण असण्याचा संभव आहे. खात्री मात्र पुढील तपासणीनेच होते. शेवटच्या धारांत स्निग्धांश अधिक असतो म्हणून हे संप्रेरकही अधिक असते. यास्तव दर वेळी नमुना एकाच पद्धतीने घ्यावा लागतो.

ही चाचणी प्रयोगशाळेची आहे. ती गावोगावी नाही. तथापि तिचे तत्त्व आपल्या उपयोगी आहे. दहाबारा दिवसांच्या अंतराने दोन नमुने तपासले आणि दोन्हींत प्रोजेस्टेरॉन अल्प निघाले, तर बहुधा अंडाशय थंड आहे. एकातही ते भरपूर निघाले, तर पीतपिंड काम करीत आहे. मग ती गाय गाभण नसेल, तर माज आला आणि गेला. पाहणारा कोणी नव्हता. पशुवैद्यकाने तितक्याच अंतराने दोनदा हात घालून तपासणी केली, तरी हा भेद बराचसा कळतो.

आता अंडाशय थंड का पडते, ते पाहू. व्यायल्यानंतर पहिले दीडदोन महिने गाय दूध भरपूर देते, परंतु तितके खाऊ शकत नाही. अंगावरची चरबी वितळवून ती दूध देते. या काळात दुधातील स्निग्धांश चढलेला आणि प्रथिने उतरलेली दिसतात. मालकाला फॅटचा आकडा पाहून समाधान वाटते. गाय मात्र आतून झिजत असते. झिजणाऱ्या गाईच्या मेंदूकडून अंडाशयाला मिळणारा संप्रेरकांचा इशारा मंदावतो आणि माज लांबतो. आपल्या ऊसपट्ट्यात अशा गाईपुढे नुसते उसाचे वाढे टाकले जाते. त्यात प्रथिने कमी असतात आणि त्यातील ऑक्झॅलेटमुळे चुना अंगी लागत नाही. वाढ्यासोबत हिरवी वैरण, पेंड व खनिज मिश्रण दिल्यावाचून केवळ औषधाने माज येणार नाही.

म्हणून माझ्या सूचना चारच आहेत.

पहिली, प्रत्येक गाईची व्यायल्याची, माजाची व रेतनाची तारीख वहीत लिहावी. शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी हे काम सहज करील. शिक्षकमित्रांनी त्यांना ते गणितासारखे शिकवावे.

दुसरी, पहाटे व रात्री निजण्यापूर्वी गोठ्यात अर्धा तास लक्ष द्यावे. हंबरणे, स्वच्छ चिकट सोट, एकाएकी दूध घटणे ही लक्षणे होत. दुसऱ्या जनावराला अंगावर उडू देऊन गाय स्थिर उभी राहणे ही सर्वांत खात्रीची खूण.

तिसरी, सकाळी माज दिसला तर सायंकाळी आणि सायंकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे.

चौथी, तपासणीवाचून माजाचे इंजेक्शन देऊ नये. पीतपिंड विरवणारे औषध गाभण गाईला दिले गेल्यास गाभ पडू शकतो.

म्हैसूरच्या राजवाड्यातील दुग्धशाळेत १९३९ साली देशात कृत्रिम रेतनाचा प्रारंभ झाला. आज ही सेवा गोठ्याच्या दारापर्यंत येते. मात्र गाय केव्हा माजावर आली, हे सांगणारा मालकच असतो. एक माज चुकला की २१ दिवस गेले. तीन चुकले की ६३ दिवसांची वैरण फुकट गेली. गाय बाजारात नेण्यापूर्वी एकदा वही उघडून पाहा आणि वही नसेल, तर आजच घाला, इतकेच सांगून मी आपली रजा घेतो.