जास्त कर, कमी शाळा
(भाषणाचा सारांश)

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, सॅन अँटोनिओ नगरीच्या परिसरात, एजवुड आणि अलामो हाइट्स असे दोन शालेय जिल्हे आहेत. १९६७-६८ साली एजवुडात सुमारे २२,००० मुले शिकत, बहुतेक मेक्सिकन वंशाची. अलामो हाइट्स या सधन उपनगरात अवघी ५,०००. एजवुडचे गरीब लोक शंभर डॉलरांच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर शाळापट्टी भरीत, तिकडचे धनिक ८५ सेंट. आणि पदरात काय पडे? त्या पट्टीतून एजवुडला दर मुलामागे २६ डॉलर, अलामो हाइट्सला ३३३! सरकारी अनुदान धरूनही ३५६ आणि ५९४ अशी तफावत उरेच. अधिक देणाऱ्याच्याच लेकराला कमी मिळावे, हे गणित कोणत्या पंतोजीने शिकविले? एजवुडातील शंभरांतील ४७ शिक्षक तात्पुरत्या परवान्यावर शिकवीत. अलामो हाइट्समध्ये अकरा.

१९६८ साली डेमेट्रिओ रॉड्रिगेझ आणि इतर पालकांनी दावा लावला. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्कच नव्हे, असे बहुमत म्हणाले. ही पद्धत टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली ती १९८९ साली, एकमताने. दाव्याच्या वर्षी पहिलीत बसलेली मुले तोवर सत्तावीस वर्षांची झाली होती.